"आपण काय किरकोळ आहोत का?" : दुकानाच्या पाटीवरचा एक शब्द

मिरचीगल्ली (सोमवार, रात्री १०.४०)

मंडळी, मदत हवी आहे आणि लवकर हवी आहे. पाटीवाला शुक्रवारी अक्षरं कापायला घेणार आहे.

लालबागला आमचं मिरची-मसाल्याचं दुकान आहे. आजोबांनी टाकलं, अण्णांनी (माझे वडील) वाढवलं, आता गल्ल्यावर मी बसते. जुनी पत्र्याची पाटी गंजून एका बाजूने लोंबायला लागली, म्हणून नवी करायला दिली. २०२२ मध्ये दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली त्यामुळे नाही हो, आमची पाटी पहिल्यापासून मराठीच.

तर पाटीवाल्याने डिझाइन व्हॉट्सॅपवर पाठवलं. वर दुकानाचं नाव, खाली बारीक ओळ: 'मिरची व मसाल्यांचे घाऊक आणि किरकोळ विक्रेते'. मला काही खटकलं नाही. अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ नेला, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "किरकोळ? आपण काय किरकोळ आहोत का?"

म्हटलं, अण्णा, किरकोळ म्हणजे रिटेल. तर म्हणतात, "मग रिटेल लिही. पन्नास वर्षं बसलो इथे, तोंडावर कोणी किरकोळ म्हणालं नाही. आता स्वतःच्या पैशाने लिहून घेऊ?"

भाचा म्हणतो, 'होलसेल अँड रिटेल' देवनागरीत टाक, सगळे तेच करतात. मला ते नको आहे. पण अण्णांचंही अगदीच चुकतंय असं वाटत नाही. दुसरा शब्द आहे का? आणि हा शब्द असा दोन तोंडांचा झाला कसा?

खडीसाखर (सोमवार, रात्री १०.५८)

माझं वजन ५१ किलो. स्थळं बघताना "मुलगा चांगला आहे, पण जरा किरकोळ वाटतो" हे वाक्य मी तीन वेळा भिंतीपलीकडून ऐकलंय. अण्णांना माझा बिनशर्त पाठिंबा. (हलके घ्या.)

जमाखर्च (सोमवार, रात्री ११.२०)

आयुष्यभर लेखापाल होतो, म्हणून दोन शब्द. हिशेबाच्या वह्यांत किरकोळ हा मानाचा नसला तरी फार कामाचा शब्द आहे. वाणिज्य शाखेला असलेल्यांना किरकोळ रोख पुस्तक आठवत असेल. मोठ्या रकमा मुख्य रोखपालाने बघायच्या आणि चहा, टपाल, हमाली, टॅक्सी असले खर्च दुसऱ्याच एका माणसाकडे सोपवायचे. महिन्याच्या सुरुवातीला त्याच्या हातात ठरावीक रक्कम ठेवायची, महिनाअखेर जेवढी खर्च झाली तेवढी भरून द्यायची, की पुन्हा पहिल्याइतकी. ही अग्रधन पद्धत. आमच्या ऑफिसात हे काम ज्याच्याकडे होतं त्याच्याशी साहेबलोकही गोड बोलत, कारण टॅक्सीच्या पावत्या शेवटी त्याच्याच टेबलावर यायच्या.

घरी आईची वही वेगळी. दूध, भाजी, वाणी, इस्त्री, आणि तळाला 'किरकोळ ४०'. सगळं मांडून जे जुळायचं नाही ते किरकोळ. वडील दर महिन्याला विचारायचे, "यात काय आहे?" आई म्हणायची, "किरकोळच आहे." आमच्या ताईच्या टायपिंग क्लासची दोन वर्षांची फी त्या किरकोळमधून गेली. ताईला नोकरी लागली तेव्हा वडिलांना कळलं.

निवृत्त_रात्रपाळी (मंगळवार, सकाळी ७.१५)

या शब्दाला बदनाम करण्यात आम्हा वर्तमानपत्रवाल्यांचा मोठा हात आहे. 'किरकोळ कारणावरून खून.' ही ओळ मी किती वेळा पानात सोडली असेल, मोजदाद नाही. कारण काय, तर गाडी लावायची जागा, नळावरचा नंबर, उसने दिलेले दोनशे रुपये. ज्या घरातला माणूस गेला त्या घरात ते कारण किरकोळ राहत नाही, हे रात्री दोन वाजता पान सोडताना सुचत नसे.

'तीन जण किरकोळ जखमी' हेही आमचंच. पोलिसांच्या कागदात साधी दुखापत आणि गंभीर दुखापत असे प्रकार असतात. किरकोळ आम्ही घातलं, मथळ्याला सोयीचं पडतं म्हणून.

आणि सगळ्यात मजेचा मथळा दर महिन्याच्या मध्याला यायचा: 'किरकोळ महागाई वाढली'. एका वाचकाचं रागाचं पत्र आलं होतं, "तूरडाळ घेऊन बघा, मग किरकोळ म्हणा." त्यांचं काही चुकलं नव्हतं. आम्हाला म्हणायचं होतं की दुकानात गिऱ्हाईक जो भाव देतो त्यावरून मोजलेली महागाई, म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांकाची. घाऊक बाजारातल्या भावांवरून मोजतात ती घाऊक महागाई. रिझर्व्ह बँक २०१६ पासून जे ४ टक्क्यांचं लक्ष्य धरून बसली आहे (दोन टक्के खाली, दोन टक्के वर चालतं), ते या किरकोळ महागाईचं. म्हणजे मिंट रोडवरच्या त्या उंच इमारतीत सगळ्यात गंभीर चर्चा कशाची, तर किरकोळची. एकदा माझ्याच हातून 'किरकोळ महागाईत किरकोळ घट' असा मथळा गेला. संपादकांनी तो कापून नोटीस बोर्डावर लावला.

टाचणी (मंगळवार, सकाळी ९.०२)

पाटीवर 'रिटेल' लिहिण्याला माझा ठाम विरोध. अक्षरं देवनागरी केली की शब्द मराठी होत नाही. आणि अण्णांना रिटेल भारदस्त वाटत असेल तर त्यांना मूळ सांगा. इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधून आला, अर्थ पुन्हा कापणे, तुकडे करणे. टेलर त्याच कुळातला. म्हणजे किरकोळ पुसून तुम्ही अण्णांना शिंपी करणार.

हिंदीतला 'खुदरा' घ्या. फारसी 'खुर्द' म्हणजे लहान. आपल्या गावांच्या नावांत जे खुर्द आणि बुद्रुक असतं, त्यातलं खुर्द तेच. बुद्रुक म्हणजे थोरलं, बुजुर्गमधलं. आपल्याकडे 'खुर्दा' म्हणजे मोड, चिल्लर. आणि खुर्दा उडवणे म्हणजे धूळधाण करणे. 'छोट्या विक्री'ला कुठल्याही भाषेने फार मान दिलेला दिसत नाही. आपला शब्द त्यातल्या त्यात सौम्य आहे.

खडीसाखर (मंगळवार, सकाळी ९.१०)

लालबाग बुद्रुक आणि लालबाग खुर्द. झाली पाटी.

बाकी पुन्हा कापणे म्हणजे रिटेल असेल, तर कटिंग चहाइतका अस्सल रिटेल मुंबईत दुसरा नाही. अख्खा चहा ही घाऊक खरेदी.

फोर्टकर (मंगळवार, सकाळी ११.३५)

आमच्या धंद्यात तर हद्दच आहे. नव्या शेअर विक्रीत २ लाख रुपयांपर्यंत अर्ज करणारा माणूस सेबीच्या नियमात 'रिटेल' आणि मराठी पेपरात 'किरकोळ गुंतवणूकदार'. माझे सासरे निवृत्त शिक्षक. फंडातले दीड लाख छातीवर दगड ठेवून एका कंपनीत टाकले आणि दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं, 'किरकोळ गुंतवणूकदारांचा उदंड प्रतिसाद'. मला फोन करून म्हणाले, "जावईबापू, दीड लाख किरकोळ?"

ऑफिसात बोलताना आम्ही कोणीच किरकोळ म्हणत नाही. रिटेलचा कोटा भरला का, रिटेल कितीपट झालं, असंच. सासऱ्यांसमोर आता 'छोटे गुंतवणूकदार' म्हणतो. त्यावरही ते फार खूश नसतात.

हुबळीची_लेक (मंगळवार, दुपारी २.२०)

मी लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा मराठी जेमतेम यायचं. पहिल्याच आठवड्यात सासूबाई शेजारच्या काकूंना म्हणाल्या, "काही नाही हो, घरातलं किरकोळ आहे." मी दचकले! आमच्या कन्नडमध्ये 'किरुकुळ' म्हणजे छळ. तिकडच्या पेपरात हुंड्यासाठी सुनेचा छळ झाल्याची बातमी असली की हाच शब्द असतो. मला वाटलं, बाईंनी आल्या आल्या कबुलीच दिली.

नंतर वडिलांनी सांगितलं की किरु म्हणजे लहान. करंगळीला आम्ही किरुबेरळु म्हणतो. बारीकसारीक, क्षुल्लक असा जुना अर्थ आहेच, पण आमच्याकडे बारीकसारीक त्रास देत राहणं इकडे तो सरकला आणि तुमच्याकडे बारीकसारीक विक्री इकडे. दोन बहिणी दोन घरी दिल्यासारखं.

आणि तुमच्या रिटेलला आमच्याकडे 'चिल्लरे' व्यापार म्हणतात. तमिळमध्येही 'सिल्लरै'. तिथल्या मोठमोठ्या दुकानदारांना त्यात काही कमीपणा वाटत नाही. अण्णांना हे सांगून बघा.

मिरचीगल्ली (मंगळवार, दुपारी २.५१)

सांगितलं. "म्हणजे आता चिल्लर लिहायचं?" असं म्हणून उठून आत गेले. :-)

वाटा_लावते (मंगळवार, संध्या. ५.०५)

वरळी कोळीवाड्यातून नमस्कार. आमच्या बाजारात घाऊकही ऐकू येत नाही आणि किरकोळही. भाऊच्या धक्क्यावर नाहीतर ससून डॉकला पहाटे लिलावात मासळीच्या पाट्या घ्यायच्या, बाजारात आणून वाटे लावायचे. बोंबलाचा वाटा, कोलंबीचा वाटा. गिऱ्हाईक "एक वाटा दे" म्हणतं. सुरमई असली तर तुकड्या. माझी आजी ४० वर्षं दादरला बसली, तिला कोणी किरकोळ विक्रेती म्हटलं असतं तर कोयता घेऊनच उठली असती.

पालिकेच्या अर्जात मात्र 'किरकोळ मासळी विक्रेता' लिहावं लागतं. आम्ही लिहितो. अर्जात काय, लिंगाच्या रकान्यात पण विक्रेता पुरुषच असतो.

गाळेवाला (मंगळवार, रात्री ८.४५)

तुर्भ्याला मसाला मार्केटमध्ये गाळा आहे. (सगळे 'वाशी मार्केट' म्हणतात, आहे ते तुर्भ्यात. असो.) इथे बसून सांगतो, किरकोळ हे माप नाही. कोण बोलतंय त्यावर आहे. आमच्याकडे एका गोणीचं गिऱ्हाईक आलं की दिवाणजी म्हणतो, "शेठ, किरकोळवाला आलाय." पस्तीस-चाळीस किलो मिरची घेणारा माणूस! आम्ही स्वतः गुंटूर नाहीतर ब्याडगीच्या बाजारात सौद्याला उभे राहिलो की तिथल्या मोठ्या आडत्याच्या लेखी आम्ही किरकोळ. प्रत्येकाच्या वर कोणीतरी बसलेला आहे.

शब्दही सगळे मिसळलेले. मशीद बंदरची जुनी गुजराती पेढी असली तर 'छूटक' आणि 'जथ्थाबंध'. हिंदी व्यापारी 'फुटकर'. माथाडी मंडळी 'सुट्टा माल' म्हणतात. मराठीत पावती फाडताना आम्ही 'ठोक' लिहितो, घाऊक नाही. 'घाऊक' मी पेपरातच वाचतो, तेही घाऊक बदल्या नाहीतर घाऊक पक्षांतर.

ताई, एक विचारू? राग मानू नका. लालबागला तुमच्याकडे घाऊक किती होतं आता?

टाचणी (मंगळवार, रात्री ९.३०)

'सुटे' हा शब्द उत्तम आहे. सुटं तेल, सुटा चहा, सुटे मसाले. 'घाऊक व सुटे विक्रेते' लिहा.

वडाळा_पूर्व (मंगळवार, रात्री ९.४४)

@टाचणी, 'सुटे विक्रेते' म्हणजे विक्रेते सुटलेत असं वाटतं. जामिनावर. शिवाय 'सुटी' म्हटलं की पानाच्या गादीवरची सुटी सिगारेटच आठवते. तिची विक्री राज्यात २०२० साली बंद केली, ती कितपत बंद झाली ते कोपऱ्यावर जाऊन बघा.

टाचणी (मंगळवार, रात्री ९.५०)

व्याकरण सुधारता येतं. 'मसाले घाऊक व सुटे मिळतील.' विनोद करण्यापूर्वी पर्याय द्यावा.

वडाळा_पूर्व (मंगळवार, रात्री ९.५३)

पर्याय: काहीच लिहू नका. दारात मिरचीची पोती आणि वजनकाटा दिसतो ना? लालबागला मसाला घ्यायला येणारी बाई पाटी वाचून येत नाही. तिची आई ज्या दुकानात यायची तिथे ती येते.

मिरचीगल्ली (बुधवार, रात्री १२.१०)

गाळेवाले, राग नाही आला. खरं सांगायचं तर रात्री झोप आली नाही म्हणून आत्ता लिहितेय.

घाऊक आता जवळजवळ नाही. दोन-तीन केटरर आहेत, एक वडापाववाले काका महिन्याला लसणाच्या चटणीसाठी मिरची नेतात. बस. बाकी सगळं पाव किलो, अर्धा किलो. मार्च ते मे हंगाम, तेव्हा बायका वर्षाचा मसाला करायला येतात. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी तिखटाला, प्रत्येकीचं प्रमाण आईकडून आलेलं आणि प्रत्येकीला दुसरीचं चुकीचं वाटणारं. पूर्वी घरटी पाच-सहा किलो मिरची जायची. गच्चीवर वाळवून, देठं खुडून, भाजून डंकावर आणायच्या. आता दोन किलो. पुष्कळ जणी म्हणतात, "तूच भाजून कुटून दे गं, घरात ठसका लागतो, वरच्या मजल्यावरचे भांडायला येतात." किरकोळ कारणावरून.

पण अण्णांच्या तरुणपणी खरंच घाऊक होतं. आजूबाजूला गिरण्या, आणि गिरणगावात घरोघरी खानावळी. एकेका बाईकडे कोकण-घाटावरून आलेले पंधरा-वीस कामगार जेवायला असायचे. त्या बायका महिन्याची मिरची, हळद, धणे आमच्याकडून न्यायच्या. वहीत नाव, पगार झाला की पैसे. अण्णा हातगाडीवर पोती पोचवायचे. १९८२ च्या जानेवारीत संप झाला. कामगार गावाला गेले, खानावळी बसल्या. त्या वर्षीची वही अण्णांनी अजून ठेवली आहे. बरीच नावं पुढे कोरी आहेत. आजोबा म्हणाले होते, मागायला जायचं नाही.

त्यानंतर उरलं ते किरकोळ. मला आत्तापर्यंत वाटत होतं की अण्णांना तो शब्द अपमानाचा वाटतो. पण आज रात्री जेवताना मी सहज म्हटलं, "अण्णा, मग नुसतं घाऊक ठेवूया का?" तर ताटाकडे बघत म्हणाले, "ते तर खोटंच होईल."

जमाखर्च (बुधवार, सकाळी ६.४०)

ती वही जपून ठेवा. आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, मसाल्याच्या दुकानात ओल धरते. सुती कापडात.

निवृत्त_रात्रपाळी (बुधवार, सकाळी ७.३०)

संपाच्या बातम्या देणाऱ्यांत मीही होतो. मोर्चे, मालक, संपाचे नेते दत्ता सामंत, सगळं छापलं. खानावळवाल्या बायकांना मसाला उधार देणारा दुकानदार कुठल्याच बातमीत आला नाही. आम्ही तो किरकोळीत काढला.

खडीसाखर (बुधवार, सकाळी ९.१५)

आज विनोद सुचत नाही. लालबागला हंगामात एक चक्कर नक्की.

गाळेवाला (बुधवार, दुपारी १.००)

ताई, विचारलं ते जिव्हारी लागलं असेल तर माफ करा. आमचे वडीलही मशीद बंदर सोडून इकडे यायचं म्हटल्यावर दोन दिवस जेवले नव्हते. तुमच्याकडून खानावळी गेल्या, आमचा बाजारच खाडीपलीकडे गेला.

कामाचं बोलतो. जुन्या पाटीवर काय लिहिलं होतं?

मिरचीगल्ली (शनिवार, रात्री ९.२०)

उशिरा लिहितेय, पाटी लागली आज.

गाळेवाल्यांनी विचारलं म्हणून स्टुलावर चढून जुनी पाटी पुसली. गंजाखाली खालची ओळ होती: 'मिरची व मसाल्यांचे व्यापारी'. ना घाऊक, ना किरकोळ. अण्णांना दाखवलं, "हेच लिही" म्हणाले. आजोबांनी रंगाऱ्याकडून लिहून घेतली होती ती ओळ, आणि रंगारी अक्षरामागे पैसे घ्यायचा म्हणून आखूड ठेवली असं त्यांचं म्हणणं. टाचणी, तुम्ही काहीही म्हणा, अनुस्वार जागेवर आहे.

घोळ एकच झाला. मी पाटीवाल्याला कळवेपर्यंत त्याने पहिल्या डिझाइनची थोडी अक्षरं कापून ठेवली होती. त्याचे पैसे घेतलेच त्याने, आणि अक्षरं कागदात गुंडाळून हातात दिली. घाऊकचा 'घा' त्याच्याकडेच तुटला. 'किरकोळ' मात्र पूर्ण आहे, लाल ॲक्रिलिकचा. भाच्याने तो दुकानात आतल्या बाजूला फळीवर चिकटवला, जिथे पाव किलोची पुडकी असतात. अण्णांनी बघितलं. काढ म्हणाले नाहीत. 'कि'ची वेलांटी जरा वाकडी लागली होती, ती तेवढी सरळ करायला लावली.

वाटा_लावते (शनिवार, रात्री ९.४१)

फोटो टाक ना पाटीचा. आणि संकेश्वरी आली का या वर्षीची? मला अडीच किलो लागेल, कुटून.